पर्यंतची तारीख

शाळेला भिंगरीच्या फीचा पुरावा हवा होता, म्हणून दुपारी लॅपटॉप उघडला. घरखर्चाचं सॉफ्टवेअर ही नवऱ्याची हौस. मी दिवसभर लोकांचे हिशेब तपासते. घरी आकडे नकोसे वाटायचे. तो मात्र आइस्क्रीमसुद्धा नोंदवायचा आणि शेऱ्यात किती जण होतो ते लिहायचा. कायम ‘तिघं’. मी चिडवायचे, अरे, हा हिशेब आहे की हजेरी? तो अपघातात जाऊन वर्ष होत आलं.

शोधात लेकीचं नाव टाकलं. घाईत ‘पासून’ची तारीख भरली, ‘पर्यंत’ रिकामीच राहिली.

यादी अपघातापाशी थांबायला हवी होती. मध्ये वर्षभर काही नव्हतं, मग उद्यापासून पुन्हा नोंदी सुरू.

मला हसू आलं. पुढचे खर्च आधीच भरून ठेवायची खोडच होती त्याला. कीबोर्डवर ऊन आलं होतं, शेजारी कुणीतरी गाद्या झटकत होतं. मी वाचत गेले : नावेतून फेरी. लोकरीचा स्वेटर, ‘इकडे गारठा असतो’. तो कुठेतरी सहलीला गेलाय असंच वाटलं. खरं सांगते, त्या घटकेला मी सुखात होते.

मग दिसलं : मऊ ब्रश, ‘पुढचा दात पडलाय’.

दात परवा पडला होता.

मी ऑफिसातल्यासारखी एकेक नोंद तपासू लागले. फक्त ‘तिघं’ असलेल्या नोंदी गाळून पाहिल्या. अपघाताच्या आदल्या दिवशी संपत होत्या. उद्यापासूनच्या प्रत्येक शेऱ्यात ‘दोघं’ होतं. ‘दोघी’ नव्हे.

त्याला काय हवंय ते मला कळलं. एवढं प्रेम केलं होतं मी त्याच्यावर, पण आता त्याची भीती वाटली.

सगळ्या नोंदी निवडल्या, पुसल्या. पडदा कोरा झाला.

मग एक ओळ उमटली. आजची. सँडल. रक्कम भरलेली नव्हती. शेरा : ‘माप विचारतो’.

मी आतल्या खोलीत धावले.

भिंगरी चित्रकलेच्या कागदावर डावा पाय ठेवून उभी होती. वाकून, जीभ बाहेर काढून, पायाभोवती पेन्सिल फिरवत होती.

“काय करतेस गं?”

“थांब ना, आई. बाबा म्हणाला, दोन्ही पायांचं काढ.”

मी तिला उचलून छातीशी घट्ट धरलं.

उजव्या पायाचं काढून झालं होतं. तो कागद खोलीत कुठेच नव्हता.