हात खिशातच ठेव

दार ढकलून तो आत आला तेव्हा केसांतून पाणी ठिबकत होतं आणि चेहरा असा, की आता कुणाची तरी खैर नाही.

"परीक्षेच्या मैदानाला कुलूप आहे," तो म्हणाला. "आज सुट्टी. तिथला पहारेकरी मला हसला."

ड्रायव्हिंग स्कूलच्या टेबलामागे बसलेल्या तिनं वळून फळ्याकडे पाहिलं. परीक्षांच्या तारखा तीच द्यायची. दर महिन्याला फळ्यावर चौकोन आखायचे, सुट्ट्या आठवून आठवून भरायच्या... आणि या खेपेला एक निसटली होती. नेमकी आजची.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. मग घाईघाईनं एक कापड पुढे केलं. "डोकं पुसा. गाडी पुसायचं फडकं आहे, पण... धुतलेलं आहे."

भांडायची सगळी तयारी करून आलेला माणूस फडक्याकडे बघत राहिला. मग त्यानं मुकाट्यानं डोकं पुसलं.

"हॉस्पिटलात नर्स आहे मी. याहून वाईट फडकी पाहिलीत," तो म्हणाला. "सगळे ब्रदर म्हणतात मला."

"मी नाही म्हणणार," तिच्या तोंडून निघून गेलं. कान तापले तिचे. तो पहिल्यांदा हसला.

हसू टिकलं नाही, कारण आतून मालकीणबाई आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "पुढच्या महिन्याचं कॅलेंडर बिनचूक दाखव. नाहीतर मी दुसरी मुलगी बघते."

घरी आई म्हणाली, "जाऊ दे गं, नोकऱ्या काय छप्पन्न मिळतील."

"मला हीच हवी, आई." थरथरत्या हातांनी आत येणारी माणसं इथून स्वतः गाडी चालवत बाहेर पडतात, आणि ते तिला रोज बघायला मिळायचं. अशी जागा ती सुखासुखी सोडणार होती होय?

तिनं फळ्याचा नाद सोडला आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर स्प्रेडशीट उघडली. वरच्या चौकोनात नुसता महिना बदलायचा, की तारखा आपापल्या वाराखाली जाऊन बसल्या पाहिजेत. दुसऱ्या पानावर सुट्ट्यांची यादी. तारीख यादीत असली, की तिचा चौकोन आपोआप गुलाबी. ठरवायला सोपं होतं. पहिल्या दिवशी अख्खा महिना गुलाबी झाला.

"वा. नोकरी असावी तर अशी," मागून आवाज आला. तो शिकवणीला लवकर आला होता. हल्ली तो लवकरच यायचा. "वॉर्डाच्या ड्यूट्या मीच लावतो यात. सरका, अर्ध्या तासात करून देतो."

"बोटसुद्धा लावायचं नाही. तुम्ही केलंत तर पुढच्या वेळी बिघडल्यावर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"माझ्या?" तो म्हणाला. "वाईट नाहीये तसं."

तिनं बघितलं. खरंच वाईट नव्हतं. ती पटकन पडद्याकडे वळली.

मग तो शेजारच्या खुर्चीवर बसायचा, ती चुकायची, पुसायची, पुन्हा लिहायची. बाहेर पाऊस, आत दोघांचा चहा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. हळूहळू तारखा वाराखाली बसल्या. सुट्ट्या रंगल्या. फेब्रुवारीसुद्धा शहाण्यासारखा वागू लागला.

आणि महिनाअखेरीला मालकीणबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. "पुढचा महिना दाखव."

तिनं महिना बदलला. चौकोन सरकले, गुलाबी रंग उमटला...

"सोमवारी सुट्टी आहे ना? काल जाहीर झाली. हा पांढरा कसा?"

सकाळीच तर भरली होती ती सुट्टी. तिच्या खुर्चीमागे तो उभा होता, दोन्ही हात खिशात. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, यादी उघडली. तारीख होती. बरोबर होती. मग काय बिनसलं? ती ओळीमागून ओळ बघत गेली... सगळ्या तारखा चौकोनात उजवीकडे टेकलेल्या, ही एकटी डावीकडे. घाईत तिनं फळ्यावरच्या सवयीनं मध्ये टिंबं दिली होती, आणि कॉम्प्युटरनं त्या नोंदीला तारीख मानलंच नव्हतं, नुसती अक्षरं धरली होती. तिनं टिंबं खोडली, तिरप्या रेघा दिल्या.

सोमवार गुलाबी झाला.

मालकीणबाईंनी आणखी चार महिने उलटेसुलटे करून पाहिले. "बरं," त्या उठल्या. "तो फळा माळ्यावर टाकून दे. आणि पुढच्या वर्षाच्या सुट्ट्या तूच भर."

त्या आत गेल्यावर ती त्याच्याकडे वळली. "तुला आधीच दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस? नोकरी गेली असती माझी."

"तू म्हणाली होतीस, बोट लावायचं नाही." त्यानं खिशातून हात काढले. तळवे घामानं ओले होते. "ऑपरेशनला उभं राहतानाही एवढी फाटत नाही माझी."

बाहेर शिकवणीच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"पुढच्या आठवड्यात परीक्षा माझी," तो अडखळत म्हणाला. "पास झालो, की इथं यायचं काही... कारणच नाही उरणार."

"नापास व्हायचा विचार आहे का?"

"मुळीच नाही."

"मग कारण मी देते," ती म्हणाली. "मला तू आवडतोस. खूप. लायसन्स घेऊन ये, आणि मला बाहेर घेऊन जा."

त्यानं नुसती मान डोलावली, दोनदा, तीनदा, आणि तो लाल चेहऱ्यानं गाडीत जाऊन बसला. मग दोन महिने शिकलेल्या त्या माणसानं गाडी दारातच तीन वेळा बंद पाडली.