तिसऱ्या खिडकीची कडी

ही हकिकत मी आमच्या पाद्रीबाबांना सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "नेरीना, खिडक्या जुन्या आहेत. बिजागऱ्या ढिल्या झाल्या असतील."

बिजागऱ्या मी त्याच वर्षी बदलल्या होत्या. कड्याही नव्या होत्या. तेव्हा ते कारण तुम्ही तरी मला देऊ नका. यात पदरचं एक अक्षर नाही.

तारीख १२ नोव्हेंबर २०१८. सोमवार. संध्याकाळचे साडेचार.

ठिकाण आमचं घर, इटलीच्या त्रेंतो प्रांतात, तोब्लीनो तळ्याच्या वरच्या अंगाला. तळ्यातला किल्ला पाहायला लोक लांबून येतात आणि आमच्या दोन खोल्यांत मुक्कामाला उतरतात.

माळा मात्र द्राक्षांचा. सप्टेंबरअखेर तोडलेले घड आम्ही बोरूच्या ताट्यांवर पसरतो. ते ईस्टरपर्यंत तिथंच सुकतात, मग त्यांची गोड वाइन होते. दुपारी दक्षिणेकडून वारा येतो, त्याला आम्ही ओरा म्हणतो. तो आला की सातही खिडक्या उघडायच्या. उन्हं कलली की तळ्याचा दमटपणा वर चढायच्या आत बंद करायच्या. यात चार दिवस हयगय झाली तर घडांवर करडी लव चढते आणि वर्ष वाया जातं.

पप्पा हे काम साठ वर्षं करत होते. माळ्यावर धूळ उडू नये म्हणून लोकरीचे मोजे घालून चालायचे. त्या संध्याकाळी तिसऱ्या खिडकीपाशी घड उलटता उलटता ते खाली बसले...

आणि गेले.

मी तिथंच होते. त्यांची नाडी पाहिली. मग उठले आणि आधी सातही खिडक्या बंद केल्या. सवयीनं. त्यानंतर भावाला हाक मारली.

हा क्रम मी कुणालाच सांगितला नाही.

भाऊ सिल्वानो, माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. पप्पांना माती देऊन आठ दिवस झाले नाहीत तोच त्यानं एका हॉटेलवाल्याला आणून घर दाखवलं. मी म्हटलं, पप्पांनी स्वतःच्या हातानं पसरलेले हे घड तरी निघू देत. शेवटी असं ठरलं की ईस्टरला वाइन चांगली निघाली तर घर मी चालवायचं. घड कुजले तर मुकाट्यानं विक्रीच्या कागदावर सही करायची.

त्याच आठवड्यात सुरुवात झाली.

मी चारला खिडक्या बंद करून खाली आले. सहाला टोपली आणायला पुन्हा वर गेले, तर...

तिसरी खिडकी सताड उघडी.

दुसऱ्या दिवशी तेच. एक दिवस सोडून पुन्हा तेच. दर वेळी तिसरीच. तिच्याखालच्या ताटीवर लव दिसायला लागली. आणि दारामागच्या खिळ्यावर पप्पांचे मोजे असायचे, ते दिसेनात.

माळ्याची दुसरी किल्ली सिल्वानोकडे होती. मला आणखी कुणाचं नाव सुचणार?

"माळ्यावर रोज काय करतोस रे?" मी विचारलं.

"मी? मला त्या धुळीनं शिंका येतात."

"मग खिडकी कोण उघडतं? किल्ल्यातली राणी येते?"

"तूच बंद करायला विसरतेस आणि खापर माझ्या माथी फोडतेस. वय झालं तुझं, नेरीना."

"घड कुजले तर फायदा कुणाचा, ते न कळण्याइतकं वय नाही झालेलं."

तो उठला. किल्ली टेबलावर टाकून निघून गेला. मी कुलूपच बदललं. नवी किल्ली एकच होती आणि ती माझ्या गळ्यात.

चार दिवस शांत गेले. पाचव्या दिवशी मोदेनाच्या बेनासीबाई नवऱ्यासोबत किल्ला बघायला आल्या. त्यांना माळ्याखालची खोली दिली होती. सकाळी नाश्त्याला त्या म्हणाल्या, "वर कोण, तुमचे वडील राहतात का? त्यांना सांगा, या वयात इतकं काम करू नका."

"का हो?"

"काल संध्याकाळी खोकत होते. पण पाय किती हलका. मी ह्यांना म्हटलं, बघा, मोजे घालून चालतायत. नाहीतर तुम्ही, चपला फटफटवत फिरता."

नवरा पावाला लोणी लावत हसला. मीही हसले.

त्या दोघांना वडिलांबद्दल मी काहीच सांगितलं नव्हतं.

खरं सांगते, तेव्हासुद्धा मला भीती वाटली नाही. रागच आला. वाटलं, सिल्वानोनं कुलूपवाल्याला गाठून नवी किल्ली करून घेतली. पप्पांचे मोजे घालून तो हे नाटक करतोय, मी घाबरून सही करावी म्हणून. मी त्याला फोन केला. "आज चारला ये. माझ्या डोळ्यांसमोर बस."

तो आला. मी खिडक्या बंद केल्या, त्याला एकेक कडी दाखवली, दाराला कुलूप लावलं. आम्ही दोघं जिन्याच्या पायऱ्यांवर बसलो. पाहुणे किल्ल्यावर गेले होते. घरात तिसरं कुणी नव्हतं.

"पाव आणलाय," तो म्हणाला. "खाणार? का त्यातही विष असेल?"

"आधी तू खा."

तो खरंच आधी खाऊ लागला. तेवढ्यात...

वर पाऊल वाजलं. हलकं, लोकरीचं.

मग दुसरं...

ताटी करकरली. कुणीतरी खोकलं. आणि कडी निघाल्याचा आवाज आला.

सिल्वानोच्या तोंडात पावाचा घास तसाच होता. मी त्याच्याकडे बघत होते, तो माझ्याकडे. खरं तर दोघांनाही एकमेकांवरच संशय घ्यायला आवडलं असतं.

मी कुलूप काढलं. आत कुणीही नव्हतं. तिसरी खिडकी सताड उघडी होती आणि तळ्याची गार ओल आत येत होती.

सिल्वानो खिडकीपर्यंत गेला नाही. दारातूनच म्हणाला, "पप्पा गेले तेव्हा ही खिडकी उघडी होती ना? मी आलो तेव्हा सगळ्या बंद होत्या."

आमच्याकडे माणूस गेला की खिडकी उघडतात. जीव बाहेर जावा म्हणून. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

"मी बंद केल्या," मी म्हटलं. "आधी बंद केल्या. मग तुला हाक मारली."

"पप्पा खाली पडलेले असताना?"

"साडेचार वाजले होते, सिल्वानो."

मला रडू फुटलं. चाळीस दिवसांत पहिल्यांदाच. सिल्वानो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. टोमणा मारेल असं वाटलं होतं, पण त्यानं मारला नाही.

"आज ही उघडी ठेवू," मी म्हटलं. "सकाळपर्यंत."

"घड जातील. घर जाईल. कळतंय ना तुला?"

"कळतंय. तुला तर हवंच होतं."

"असं बोलू नकोस," तो म्हणाला. "ताट्या तरी बाजूला घेऊ."

"नको. त्यांनी मांडल्यात तशाच राहू देत."

खिडकी उघडी ठेवून मी कुलूप लावलं. सिल्वानो स्वयंपाकघरात झोपला. किल्ली माझ्या उशीखाली होती.

उजाडल्यावर दोघं मिळून वर गेलो. कुलूप जसंच्या तसं होतं. दार उघडलं आणि...

तिसरी खिडकी बंद होती. कडी आतून लावलेली.

घड कोरडे होते. प्रत्येक घड उलटलेला. पप्पांच्या पत्र्याच्या वाडग्यात लव चढलेले मणी वेचून ठेवले होते, एकेक करून. दारामागच्या खिळ्यावर मोजे टांगलेले. तळवे धुळीनं पांढरे.

मी सिल्वानोच्या नखांकडे पाहिलं. बुरशीचा डाग नव्हता. त्यानंही माझ्या नखांकडे पाहिलं.

"गेले नाहीत," तो म्हणाला. "वाट मोकळी करून दिली तरी गेले नाहीत."

ईस्टरला निघाली तशी वाइन आमच्याकडे कित्येक वर्षांत निघाली नव्हती. सिल्वानोनं विकण्याचं नाव पुन्हा काढलं नाही. माळ्यावरही पुन्हा आला नाही.

ते आपल्या मर्जीनं राहिलेत, की त्या संध्याकाळी मीच त्यांना कोंडलं? घडांसाठी मीच आधी खिडक्या लावल्या. आता ते घड टाकून जाऊ शकत नसतील तर? ते माझं मलाच डाचतं. पाद्रीबाबांकडे याचं उत्तर नाही.

सिल्वानो हिवाळ्यात दर संध्याकाळी फोन करतो. एकच विचारतो.

"खिडक्या लावल्यास?"

मी म्हणते, लावल्या.

चार हिवाळे झाले, दुपारी चारनंतर मी वर गेलेली नाही. मी खाली जिन्याशी उभी राहते आणि वर लागणाऱ्या कड्यांचे आवाज मोजते. सातही लागल्या की मग सिल्वानोचा फोन उचलते.