चार आऱ्यांचं चाक

अपघाताच्या चौकशीत खोटं लिहिलंत तुम्ही, इन्स्पेक्टर साहेब. सेठच्या केबिनमध्ये बसून, त्याचा चहा पीत लिहिलंत: ‘श्रमिक की नज़र कमज़ोर, स्वयं की लापरवाही’. मान वर करून एकदा छताकडे बघितलंसुद्धा नाहीत. बघितलं असतं तर... जाऊ द्या. तुम्ही नाही बघितलं, पण दुसऱ्या एकानं बघितलं. त्याचीच गोष्ट सांगते आहे. प्रेमाची आहे. नाक मुरडू नका.

मी मोनाली. बुऱ्हाणपुरात पावरलूमच्या कारखान्यात कापड तपासते. डाग, तुटलेला धागा, सुटलेली वीण, सगळं माझ्या नजरेखालून जातं. त्याच कारखान्यात माझे बाबा, दगाजी मिस्त्री, लूम दुरुस्त करायचे. तीस वर्षं केलं. नऊ महिन्यांपूर्वी कांड्या भरायच्या मशीनमध्ये सूत अडकलं होतं. चाक थांबलेलं दिसलं म्हणून बाबांनी हात घातला. चाक फिरत होतं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

बोटांचं त्यांनी सहन केलं. तुमचा कागद सहन झाला नाही. नजर कमजोर म्हटल्यावर गावातला एकही कारखाना त्यांना मशीनजवळ उभं करेना. त्याहून वाईट म्हणजे त्यांना स्वतःलाच ते पटलं. घरात बसून सुईत दोरा ओवून बघायचे. ओवला जायचा. तरी म्हणायचे, “मले तर थांबलेलंच दिसलं होतं, पोरी. म्हंजे डोळेच गेले माझे.”

अशात एक दिवस, दुपारच्या पाळीत मान वर केली, तर समोर एक पोरगा. मोबाइल माझ्याकडे रोखलेला.

लूमच्या खडखडाटात ओरडून काही पोचत नाही. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं, मग प्रेमाचं असो की शिवीचं. मी सरळ गेले आणि त्याच्या कानात ओरडले — “व्हिडिओ काढून राहिला? मोबाइल दे इकडे.”

त्यानं मुकाट्यानं दिला. मी बघितलं. मी नव्हतेच त्यात. माझ्या डोक्यावरचा दिवा होता, आणि त्याच्या उजेडात काळे पट्टे... एकामागून एक, वरून खाली सरकणारे. मान उचलून खऱ्या दिव्याकडे बघितलं तर पट्टा एकही नाही.

“बाकीचे सगळे दिवे बघून झाले,” तो माझ्या कानाशी म्हणाला. “हाच राहिला होता.”

“हाच का राहिला?”

तो दिव्याकडेच बघत राहिला. कान मात्र लाल झाले त्याचे. ते मला चांगलं दिसलं.

नाव चंदन. घर दापोरा गावी, केळीचे शेतकरी. हा इतवारा बाजारात दिव्यांच्या दुकानात कामाला. जळालेले दिवे बदलायला सेठनं बोलावलं, असं त्यानं सांगितलं. मग पट्ट्यांचं सांगितलं. हे स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभरदा मंद होतात आणि शंभरदा पेटतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. आतला वीज स्थिर करणारा भाग कंपनीनं गाळलेला असतो. घराच्या ओट्यावर काही बिघडत नाही. पण खाली चाक फिरत असेल, आणि त्याचा वेग नेमका त्या लुकलुकीशी जुळला...

“तर?”

“तर चाक उभं राहिल्यासारखं दिसतं.”

माझ्या हातातलं कापड खाली पडलं. पण तुम्हाला वाटेल मी आनंदले, छे. मला पहिल्यांदा आला तो संशय. हा मला का सांगतोय? कोणी पाठवला? सेठनं? मी कुठे तक्रार करते का, हे बघायला?

तो येत राहिला. कधी दिव्याची झाकणं पुसायला, कारण कापसाची रुई बसली की उजेड मरतो आणि दिवा तापतो. कधी उंची मोजायला. आठवड्याभरात चार वेळा. चार दिवे बदलायला चार वेळा कोण येतं? मी लक्ष ठेवून होते. माझ्याबरोबर काम करणारी मनीषा म्हणायची, लक्ष ठेवतेस की बघत बसतेस, एकदा ठरव. एकदा तो मावा जलेबी घेऊन आला. मी विचारलं, ही सेठकडून का? त्यानं पुडी उघडली, पहिला तुकडा स्वतः खाल्ला, पाण्याचा घोट घेतला आणि मला म्हणाला, दहा मिनिटं थांब, मी मेलो नाही तर खा.

मी दहा मिनिटं थांबले. खरंच थांबले. तोही थांबला, घड्याळाकडे बघत. मग खाल्ली. थंड झाली होती, पण चांगली होती.

त्या दिवशी मी त्याला बाबांचं सगळं सांगितलं, कानाशी तोंड नेऊन. तो ऐकताना जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, हळवा आहे. शेवटी म्हणाला, काकांना रविवारी दुकानात घेऊन ये.

दुकानाच्या मागच्या खोलीत त्यानं मोटर बसवली होती, तिला चार आऱ्यांचं चाक. शटर ओढायला निघाला तेव्हा मी म्हटलं, अर्धंच. तो म्हणाला, अंधार लागेल. मी म्हटलं, उरलेल्या अर्ध्याला पोतं लाव. बाबा खूप दिवसांनी हसले.

कारखान्यातून काढून आणलेला दिवा त्यानं लावला. मोटर सुरू केली. चाक फिरू लागलं, फिकट झालं, वेग वाढला... आणि थांबलं. मोटर घरघरत होती आणि चार आरे समोर, मोजता येतील असे, उभे. चंदननं खराटा पुढे केला. त्याचं टोक तडतड उडालं.

मग त्यानं दुसरा दिवा लावला, मशीनवर लावायचा, जड पाठीचा. आरे नाहीसे झाले. नुसतं धुरकट वर्तुळ उरलं. पहिला लावला, की पुन्हा चार आरे उभे.

बाबांनी तीन बोटांचा हात वर केला, चाकाकडे नेला नाही, नुसता दाखवला. “हेच,” ते म्हणाले. “हेच दिसलं होतं मले.” मग भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले.

मी चंदनकडे वळले. त्या क्षणी सांगायला निघाले होते, जे कोणाला कधी सांगितलं नव्हतं. तो नवीन दिव्याच्या पाठीवर निळ्या मार्करनं तारीख टाकत होता. हे लोक दिवा लावला की तारीख टाकतात, लवकर गेला तर बदलून मिळावा म्हणून. आणि माझं काम काय? धाग्यातला फरक ओळखायचं. कारखान्यातल्या दिव्याची पाठ मी फिरवून बघितली. तीच शाई. तसाच पोटात रेघ मारलेला सात. तारीख बाबांच्या अपघाताच्या बावीस दिवस आधीची.

बाबांना मी चहा प्यायला बाहेर पाठवलं.

“हे दिवे तू बसवलेस.”

त्यानं मार्करचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

“हो.”

“माहीत होतं तुला?”

“हो... सेठला म्हटलं होतं मी, हे घरगुती आहेत, मशीनवर नका लावू. तो म्हणाला, घर में जलता है तो यहाँ क्यों नहीं जलेगा. मग मी... शिडीवर चढलो. लावले.” मार्कर त्यानं खाली ठेवला. “नंतर बोटांचं कळलं. दर वेळी सांगायलाच यायचो, मोनाली. दर वेळी तू समोर असायचीस. आवडायला लागलीस, मग तर जास्तच जमेना.”

असं कळलं मला, कोणाला तरी मी आवडते. मुलींना चांदण्यात सांगतात म्हणे. मला शटरला पोतं लावलेल्या खोलीत, बाबांची बोटं खाणाऱ्या दिव्यासमोर सांगितलं. मारावंसं वाटलं. त्याचा खाली गेलेला चेहरा हातात धरावासाही वाटला, आणि त्या वाटण्याचा मला जास्त राग आला.

“लिहून दे,” मी म्हटलं. “हे सगळं. खाली सही.”

नोकरी जाईल, असं तो म्हणाला नाही. हो म्हणाला नाही. मोटरची वायर गुंडाळू लागला. मी निघून आले.

आठ दिवस तो आला नाही. मनीषा म्हणाली, फोन कर. मी म्हटलं, बघ, सेठचाच निघाला. दिवसातून दहादा म्हणायचे, आणि दहादा दाराकडे बघायचे. कापडाचा एक अख्खा ताका तपासला नि त्यातला हातभर तेलाचा डाग सुटला माझ्या नजरेतून. कधी नव्हे ते.

नवव्या दिवशी सुट्टी झाल्यावर बाहेर तो उभा. कारखान्यातला तो दिवा गमछ्यात गुंडाळून काखेत, हातात कागद. हे लिहिल्याचं कळताच त्याला दुकानातून काढलं होतं. सेठनं गावातल्या बाकी दुकानांनाही सांगून ठेवलं होतं, याला घेऊ नका म्हणून. मी आधी कागद वाचला, तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के खात. ‘दिवे मी बसवले. मशीनवर ते धोक्याचे आहेत हे मला माहीत होतं. कारखान्याच्या मालकाला मी सांगितलं, पण पुरेसं मोठ्यानं सांगितलं नाही. दगाजी मिस्त्रींच्या डोळ्यांत दोष नाही. चंदन, मुक्काम दापोरा.’

सही मी दोनदा नीट बघितली. मग त्याच्याकडे.

लूम बंद होते. तरी तो माझ्या कानाशी वाकला. “आता केळीत काम करणार. दिवे नाही, दुकान नाही. तरी विचारतो... येशील माझ्याबरोबर? आयुष्यभर?”

मी हो म्हटलं. तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर. लगेच पुढे विचारलं, यात सेठचा काही डाव नाही ना? तो इतका हसला की दिवा पडता पडता राहिला.

तो कागद आणि तो दिवा मी तुमच्या टेबलावर ठेवला त्याला आज सतरा दिवस झाले. पोच द्यायला तुमचा बाबू तयार नव्हता, मी उभी राहून घेतली. कारखान्यात तेच दिवे अजून जळताहेत, आणि त्यांच्याखाली आता दुसऱ्या कोणाचा तरी बाप काम करतो. बाबा रोज विचारतात, साहेबांचं काही आलं का.

आयुष्यभराच्या प्रश्नाला मी एका श्वासात उत्तर दिलं, साहेब. तुमचा प्रश्न एका ओळीचा आहे. माझ्या बाबांचे डोळे चांगले आहेत, हे लिहून देता की नाही?