वाकलेली मूठ

खट्...

मागच्या दाराची कडी वाजली. हेमालीने माऊस सोडला आणि आधी गादीकडे पाहिलं. तिची लेक आरोही जागी झाली नव्हती.

हे खरं घडलेलं आहे. हेमाली माझी सख्खी नणंद. माझीही लेक आत्ता झोपलीय, तेवढ्यात लिहून काढतेय, म्हणून मीठमसाला लावायला वेळ नाही. गाव नागाव. गेल्या वर्षीचा मे महिना. आणि वेळ रात्रीची नव्हेच... भर दुपारची.

दारात अनंता उभा होता. चंद्राबाई मासळीवालीचा मुलगा. काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी.

हेमालीचं काम सगळ्या आळीला ठाऊक होतं. ती कॉम्प्युटरवर विमानं बनवते. घरबसल्या विमान उडवण्याचा नाद असलेली माणसं जगभर आहेत. कानाला हेडफोन, हातात दांडा, समोर पडदा. त्यांना जुन्या महायुद्धातली विमानं हवी असतात, आणि तीही अशी की रंग कुठे खरवडलाय, पायलटच्या बोटांनी बटण कुठे झिजलंय, ते सगळं दिसलं पाहिजे. आरोही झोपली की हेमाली बसायची. नवरा प्रज्योत न्हावा शेवाच्या बंदरात, घरी येणार तो रविवारी. जवळजवळ वर्षभर ती एकाच विमानावर होती. एका माणसाचं छोटं विमान, डोक्यावर सरकती काच. सगळं जमत आलं होतं. फक्त ती काच आतून उघडायची मूठ तिला कुठल्याच फोटोत नीट मिळत नव्हती.

अनंताने गोणपाट सोडलं.

आत धातूची एक मूठ. शिंपल्यांनी भरलेली.

“जाल्यात आली, ताई. तुमच्या इमानाची हाय का बगा.”

हेमाली बघतच राहिली. तीच होती. पण पार वाकलेली... आतल्या बाजूने कुणीतरी दोन्ही हातांनी, सगळा जीव एकवटून ओढल्यासारखी.

ती म्हणाली, आत घेऊन ये. अनंता जागचा हलला नाही.

“उंबऱ्याच्या आत न्हाय आणायची. आयेला कळलं तर तंगडं मोडंल माजं.”

बुडालेल्या माणसाची वस्तू जाळ्यात आली तर त्यांच्यात ती घरात घेत नाहीत. नारळ द्यायचा आणि वस्तू जिथली तिथे सोडायची. हेमालीने नेम मोडला नाही. मूठ पायरीवरच ठेवली, सगळ्या बाजूंनी फोटो काढले, आणि अनंता ती घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी होडी लोटली तेव्हा नारळासकट पाण्यात सोडून आला.

मूठ उंबऱ्याबाहेरच राहिली.

आत आले ते फक्त फोटो.

त्या फोटोंवरून पडद्यावर मूठ उभी राहिली. अगदी हुबेहूब. सरळ करावी का, असं एकदा तिच्या मनात आलं होतं. पण त्या वाकण्यात जो खरेपणा होता, तो तिला काही केल्या सोडवेना.

विमान विकायला ठेवलं. लोकांनी उचलून धरलं.

मग पहिला निरोप आला. कुठल्याशा थंड देशातल्या म्हाताऱ्याचा. विमान सुंदर झालंय, पण समुद्रावरून जाताना ठोकण्याचा आवाज येतो... तो कशासाठी घातलाय?

हेमालीने तसा आवाज घातलाच नव्हता.

तिने सगळे आवाज उघडून ऐकले. इंजिन. वारा. चाकं. बटणं. ठोकणं कुठेच नव्हतं.

दुसऱ्याने लिहिलं, काच आतून उघडत नाही.

तिसऱ्याने लिहिलं, इंजिन बंद केलं की सगळं शांत होतं... आणि मग कुणीतरी श्वास घेतं.

दुपार होती. आरोही गादीवर होती. हेमालीने हेडफोन लावले, विमान समुद्रावरून फिरवून आणलं, उतरवलं, इंजिन बंद केलं.

काही नाही.

तिने माऊसने पडद्यावरची मूठ दाबली. काच हलली नाही. पुन्हा दाबली. नाहीच.

तिने हेडफोन काढले.

ठक्... ठक्...

आवाज खोलीत होता.

तिने मागे पाहिलं. गादी रिकामी.

ठक्...

कपड्यांचं कपाट. त्याला ना कडी, ना कुलूप. दार नुसतं ओढलं की उघडायचं. हेमालीने ओढलं. उघडेना. दोन्ही हातांनी ओढलं, पाय भिंतीला लावून ओढलं, आणि एकदम दार सुटलं.

आरोही आत बसली होती. ओठ निळे. पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखी तोंड उघडत होती. केस चिंब ओले, आणि त्यांना समुद्राचा वास.

श्वास जागेवर आल्यावर ती एवढंच म्हणाली, “काकांना उघडत नव्हतं. मी मदत करत होते.”

तेव्हापासून लेकराचा श्वास अडकायला लागला.

अलिबागला दोन डॉक्टर झाले. छाती साफ, एक्स-रे साफ. श्वासाचा पंप दिला. पंप लागू पडेना. दार बंद दिसलं की पोर किंचाळायची, म्हणून प्रज्योतने स्क्रूड्रायव्हर घेऊन घरातल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या. तरी दर दुपारी तेच. झोपेत मुठी आवळायची, कशाला तरी लोंबकळल्यासारखी ओढायची... आणि श्वास थांबायचा.

चंद्राबाईला कळलं तेव्हा ती टोपली घेऊन आली, पण पायरी चढली नाही. मुलाच्या नावाने तिने तिथेच चार शिव्या घातल्या. हेमाली रडत सांगत होती, मूठ परत दिली, नारळ दिला, काहीच ठेवलं नाही.

“एक दिलीस,” चंद्राबाई म्हणाली. “आन केल्यास किती?”

हेमालीने त्याच दिवशी विमान विक्रीतून काढलं. ज्यांनी घेतलं होतं, त्यांना हात जोडून लिहिलं, पुसून टाका. माझी मुलगी आजारी आहे. खरं काय ते सगळं लिहिलं.

लोकांना ती जाहिरात वाटली. झपाटलेलं विमान म्हणून ते एकमेकांना फुकट वाटू लागले. ज्यांना विमानांचं काही सोयरसुतक नव्हतं, तेही मागून घेऊ लागले.

एक उपाय राहिला होता. ती पुन्हा बसली. आरोहीला मांडीवर घेऊन, एका हाताने तिची पाठ चोळत, दुसऱ्या हाताने तिने ती मूठ सरळ केली. पार सरळ, नवी असताना होती तशी. मग दाबली.

काच सर्रकन मागे सरकली.

त्या दुपारी आरोही शांत झोपली. श्वास लागला नाही. प्रज्योतचा फोन आला तेव्हा हेमालीला बोलताच येईना, इतकी ती हसत होती आणि रडत होती.

सुधारलेलं विमान तिने सगळ्यांना पाठवलं. बऱ्याच जणांनी घेतलं. बाकीच्यांनी कळवलं, आभार, पण आम्ही जुनंच ठेवतोय. वाकलेली मूठच तर खरी आहे.

किती जणांकडे ते जुनं आहे, कुठल्या कुठल्या देशांत, हे शोधायला आता काही मार्ग नाही.

त्या दोघी आमच्याकडे येतात तेव्हा आम्ही दारं सताड उघडी ठेवतो. परवाही ठेवली होती. दुपारी जेवणं झाली, माझी लेक आणि आरोही शेजारी शेजारी झोपल्या होत्या. हेमाली उशाशी बसून आरोहीच्या छातीवर हात ठेवून होती. तिचा हात आता तिथेच असतो.

श्वासाबरोबर वरखाली होणारा तो हात अचानक थांबला.

आरोहीच्या मुठी वळल्या. दंड ताणले गेले. ओठ निळे पडत गेले... आणि मग एकदम, मोठा आवाज करून, श्वास परत आला.

तिने डोळे उघडले. घाबरलेली नव्हती. नुसती दमलेली. हेमालीने तिला उचलून पोटाशी धरलं, कपाळावरचे केस मागे सारले, झालं गं बाळा, झालं, म्हणत राहिली.

“आई, खूप काका गेले बाहेर,” आरोही म्हणाली. “पण ते सगळे खोटे होते.”

हेमाली तिची पाठ चोळत राहिली.

“खरे काका अजून ओढतायत. ते कुणाच्या घरी आहेत गं, आई?”