किल्लासोडूनकाआलो

त्या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली, पण गुरुवार उजाडला की तिचा हात अजून उगाचच केसांकडे जातो.

दप्तरखान्यात जुनी पत्रं वाचून नोंदवायची हे तिचं काम. एका गुरुवारी काळा शर्ट, दंडभर गोंदण अशी एक स्वारी समोर येऊन बसली आणि इतकं हळू बोलली, की तिला पुढे वाकावं लागलं. तो डेथ मेटल बँडचा गायक होता. मित्र त्याला ‘घसा’ म्हणत. स्टेजवर डरकाळ्या फोडायच्या म्हणून एरवी आवाज जपायचा. जुन्या वेढ्यांवर, हरलेल्या लढायांवर गाणी रचायचा.

जुन्या लिखाणात शब्द सुटे नसतात, सगळं सलग. एका सरदाराच्या पत्राची पहिलीच ओळ त्याने जेमतेम येणाऱ्या मोडीच्या जोरावर ऐटीत वाचली, ‘किल्ला सोडून का आलो.’ पळून आलेल्या माणसाचा पश्चात्ताप! गाणं तिथेच सुचलं त्याला. पुढे नुसती दारूगोळ्याची आणि जखमींची यादी होती. अर्ध्या तासाचं काम, पण तो दर गुरुवारी एकच ओळ विचारायचा... आणि तीही शहाणी, एकच वाचून द्यायची.

तिसऱ्या गुरुवारी तिला चूक दिसली. पहिली ओळ ‘किल्ला सोडू नका, आलो’ अशी होती! सरदार पळाला नव्हता, मदतीला निघाला होता. सांगावं तर गाणं मोडीत निघणार, आणि त्याचं येणंही संपणार. चुकीचं वाचन झाकणं म्हणजे तिच्या पेशात पाप. तरी तिने तोंडात मिठाची गुळणी धरली.

दहाव्या गुरुवारी तो म्हणाला, उद्या रेकॉर्डिंग. तिला राहवेना. खाली बघत तिने सगळं सांगून टाकलं.

“आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही यायचं थांबला असतात... म्हणून.”

तो नेहमीपेक्षाही हळू म्हणाला, “मला दुसऱ्याच गुरुवारी कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो, तर काम संपलं असतं ना.”

तिचे कान तापले. हसू आवरेना, आणि तिथे मोठ्याने हसायला बंदी.

“उद्या येशील?” त्याने विचारलं. “ओळ नीट म्हणतोय का, बघायला कुणीतरी हवं.”

“उद्या मला सुट्टी नाही,” ती म्हणाली. आणि रजेचा अर्ज ओढून लिहायला लागली.