तळं मेलं त्याच्या आधी

तळं पांढरं पडलं होतं. जिकडे बघावं तिकडे मेलेले मासे, पोटं वर करून. त्यांच्यातच तळ्याच्या राखणदाराचं प्रेत सापडलं.

इन्स्पेक्टरबाई जीपमधून उतरल्या, पण मच्छीमार वाटेतून हलेनात.

"तळ्यात पडणारा कंपनीचा भराव आम्ही अडवला, तेव्हा काठ्या घेऊन आलात," राखणदाराची बायको म्हणाली. "आज काय आणलंत?"

बाईंनी मान डोलावली. खोटं नव्हतं.

मासे आहेत तोवर तळं मच्छीमारांचं, असा कायदा होता. मासे संपले की जागा कंपनीला मोकळी. त्यात राखणदाराच्या खोपटात विषाचे रिकामे डबे निघाले. माणसं त्याच्या बायकोकडेही खाऊ की गिळू अशा नजरेनं बघू लागली.

मच्छीमारांचा पुढारी म्हणजे राखणदाराचा थोरला भाऊ. बाईंनी त्याला बाजूला घेतलं.

"शेवटचं कधी पाहिलंत त्याला?"

"पहाटे. मासे तरंगताना बघून ढसाढसा रडत होता."

"काही बोलला?"

"'दादा, पैशाला भुललो, मीच विष ओतलं' म्हणाला. मी माणसं बोलवायला वळलो, तर यानं उडी टाकली."

"त्याला पोहता येत नव्हतं?"

"मरायचंच ठरवलं, तर पोहणं काय कामाचं?"

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. "बुडूनच मेलाय. पोटात, फुफ्फुसात तळ्याचंच पाणी. विषाचा मात्र अंशही नाही."

बाईंनी सगळ्यांना काठावर जमवलं.

"विषारी पाण्यात बुडणाऱ्याच्या पोटात विष जातंच," त्या थोरल्याला म्हणाल्या. "याच्या पोटात नाही. म्हणजे हा बुडाला तेव्हा पाणी चांगलं होतं, मासे जिवंत होते. मग तो रडला कोणासाठी? त्यानं तुम्हाला डब्यांसकट पकडलं. तुम्ही त्याला पाण्यात दाबून धरलं, मग विष ओतलं आणि डबे त्याच्या खोपटात टाकले."

थोरल्यानं मान खाली घातली नाही.

"कंपनी आज ना उद्या तळं घेणारच होती. मी तिच्याकडून पैसे घेऊन माझं घर सावरलं. तो ऐकेना. न्या मला. तळं तर गेलंच."

"गेलं नाही. तळं आता पुरावा आहे. पुराव्यावर भराव टाकता येत नाही. आणि तुम्हाला विष कोणी पुरवलं, तेही तुम्हीच सांगाल."

"पुरावा शिजवून खायचा का आम्ही?" राखणदाराच्या बायकोनं विचारलं.

उत्तराची वाट न बघता तिनं मेलेले मासे बाहेर काढायला जाळं उचललं. ते तळ्यातच कुजले असते, तर उताराखालच्या विहिरीही नासल्या असत्या. बाईंनी जाळ्याचं दुसरं टोक धरलं. तिनं ते हिसकावून घेतलं.