कडा हलला की राखण्या का थांबतो?

साहेब, तुम्ही तपासणी न करताच अहवाल लिहिलात. आंबेकोंडच्या शाळेत दहा मिनिटं बसलात, चहा घेतलात आणि तीन ओळींत एका अकरा वर्षांच्या मुलीला दोषी ठरवलंत. "पूजेचे साहित्य यंत्रात गेल्याने बिघाड. ग्रामस्थांचा निष्काळजीपणा. यंत्र सोमवारी जमा करून घ्यावे." तुमचं नाव मी घेत नाही, तुमचं तुम्हाला माहीत आहे. पुढचं सगळं मुलांसाठी लिहिलंय. पण तुम्हीही वाचा. मुलांना जे कळलं ते तुम्हाला अजून कळलेलं दिसत नाही.

तर मुलांनो, साल २०४७. आंबेकोंड गाव डोंगराच्या कड्याखाली आहे. कड्याच्या उतारावर बत्तीस सेन्सर (जमिनीची हालचाल ओळखणारे लोखंडी खुंटे) पुरलेत. ते काय सांगतात हे ऐकायला शाळेच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे. गावानं त्याचं नाव ठेवलंय राखण्या. तो कुठल्या कंपनीचा नाही. एसटीच्या डेपोत तीस वर्षं वायरिंग करून निवृत्त झालेल्या सुजाता आजींनी सुटे भाग जमवून तो आठ वर्षांपूर्वी जोडला. कडा सरकायला लागला की राखण्यानं भोंगा वाजवायचा आणि गावानं पळायचं. एवढंच काम. पण ते चुकलं तर गाव राहणार नाही.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वरच्या ऑफिसातून एक इंजिनियर आला. त्यानं राखण्यात नवीन ग्राफिक्स कार्ड (एकाच वेळी हजारो बेरजा करणारी पाटी) बसवलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. गावात कोयते, शिलाई मशीन, पाण्याचे पंप, सगळ्यांची पूजा झाली. राखण्याचीही झाली. हळदकुंकू लावायचा मान निहिरा घागला मिळाला. त्याच दुपारपासून राखण्या हँग व्हायला लागला. पडद्यावरचं घड्याळ मध्येच थांबायचं, मग बंद करून परत चालू करावं लागायचं. कधी दिवसातून चारदा, कधी एकदाच. काही ताळतंत्र नाही.

तुमचा कागद आल्यावर शाळेत पोरं निहिराला 'कुंकूवाली' म्हणायला लागली. ती सुजाता आजींकडे गेली ती रडतच.

"आजी, मी बोट जरा जास्तच दाबलं होतं."

"बोटानं कॉम्प्युटर मरत असता तर मी तीस वर्षांत अर्धा डेपो मारला असता," आजी म्हणाल्या. "डोळे पूस. मला सांग, खंडेनवमीच्या आसपास राखण्यात बदल किती झाले?"

"एक. हळदकुंकू."

"नीट आठव."

"दोन! नवीन कार्ड पण."

"मग दोनातला चोर कोणता, हे त्या साहेबाला चहा पिता पिता कसं कळलं?"

मुलांनो, इथं थांबा. एकदम दोन गोष्टी बदलल्या आणि बिघाड झाला, तर नुसतं बघून कोणीही कारण सांगू शकत नाही. मोठा साहेबसुद्धा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं आणि काय होतं ते लिहायचं. याला म्हणतात नियंत्रित प्रयोग (एकाच बदलाची परीक्षा). डेपोत बस बंद पडली की आजी हेच करायच्या. एक वायर काढायची, बघायचं, खडूनं बसच्या पत्र्यावर लिहायचं, मगच दुसरी.

पहिल्या दिवशी त्यांनी राखण्या उघडला. कुंकू सगळं वरच्या झाकणावर होतं, आत पंख्याच्या जाळीवर चार कण. ब्रशनं सगळं साफ केलं, कार्ड तसंच ठेवलं. राखण्या तरीही हँग झाला. तीनदा.

दुसऱ्या दिवशी उलटं. कार्ड काढलं, आणि आजींनी झाकणावर हळदकुंकू परत लावायला सांगितलं.

"परत?" निहिरा मागे सरकली.

"चांगलं ठसठशीत लाव. लग्न असल्यासारखं."

राखण्या दिवसभर एकदाही थांबला नाही.

"म्हणजे कार्डच खराब!" निहिरा उडी मारून म्हणाली.

"घाई. त्या साहेबाची सावली पडली का तुझ्यावर? कार्ड असताना बिघडतं, इतकंच कळलं. कार्ड खराब आहे हे कुठं कळलं? दिवसातून तीन-चारदाच का बिघडतं? वेळा लिहिल्यास ना?"

कार्ड परत बसवलं. निहिराची वही पुढं आली. सात दहा. नऊ चाळीस. सव्वा एक. पाच पाच. दुसऱ्या दिवशी जवळपास त्याच वेळा. रविवारी फक्त एकदा, सव्वा एकला. रात्री कधीच नाही.

आजी वहीकडे बघत राहिल्या आणि एकदम हसल्या. "अगं, हे तर माझ्या डेपोचं वेळापत्रक!"

सात दहाची, नऊ चाळीसची, सव्वा एकची आणि पाच पाचची एसटी कड्याच्या वरच्या घाटातून जाते. रविवारी एकच फेरी. आताच्या बस विजेवर चालतात, आवाज करत नाहीत, म्हणून खाली कुणाला त्यांची आठवणही येत नाही. पण बॅटऱ्यांमुळं त्या जुन्या बसपेक्षा जड आहेत. बस गेली की कडा किंचित थरथरतो आणि बत्तीसच्या बत्तीस सेन्सर एकदम बोलायला लागतात.

"एकदम बोलले की कार्डाला काम किती?"

"खूप."

"काम खूप म्हणजे वीज खूप. चक्की सुरू झाली की तुमच्या घरातला दिवा काय करतो?"

"बारीक होतो."

"का? चक्की एकदम वीज ओढते, विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, क्षणभर पडतो. दिवा बारीक होतो आणि सावरतो. कॉम्प्युटर सावरत नाही. दाब पडला की तो करता करता बेरीज विसरतो आणि थिजतो."

आजींनी पॉवर सप्लाय (भिंतीतली वीज कॉम्प्युटरला सोसेल अशी करून देणारी पेटी) दाखवला. आठ वर्षांपूर्वीचा, साडेतीनशे वॉटचा. वॉट म्हणजे वीज किती वेगानं खर्च होते त्याचं माप. राखण्याच्या बाकीच्या भागांना शंभर लागतात. नवीन कार्डाच्या अंगावर बारीक अक्षरात छापलेलं होतं: सरासरी एकशे ऐंशी, क्षणभर चारशे. एरवी बेरीज दोनशे ऐंशी, पेटी पुरते. सगळे सेन्सर बोलले की पाचशे, पेटी धापा टाकते. शांत कड्याखाली दहा मिनिटं तपासलंत तर सगळं ठीकच दिसणार.

पण अंदाज म्हणजे पुरावा नाही. शनिवारी आजींनी पेटीच्या तारांवर व्होल्टेज मोजायचा मीटर लावला. काटा बारा व्होल्टवर स्थिर. शाळेतली तेवीस पोरं उतारावर खुंट्यांजवळ उभी केली. निहिरानं शिट्टी फुंकली, आणि पोरं एकदम उड्या मारायला लागली. 'कुंकूवाली' म्हणणारी सगळ्यात उंच.

काटा साडेदहावर आपटला. घड्याळ थांबलं.

निहिराचा चेहरा फुलला आणि लगेच उतरला. "आजी... कडा खरंच कोसळायला लागला तर सगळे सेन्सर एकदम बोलतील ना?"

"हो."

"म्हणजे राखण्या नेमका तेव्हाच हँग होईल."

आजी उठून थेट चक्कीवाल्याच्या घरी गेल्या. त्याच्या थोरल्या मुलाकडे गेम खेळायचा मोठा कॉम्प्युटर आहे.

"पेटी काढून दे."

"आजी, उद्या माझी मॅच आहे!"

"कडा खाली आला तर मॅच ढिगाऱ्याखाली खेळणार आहेस का?"

मुलानं तोंड फुगवून साडेआठशे वॉटची पेटी दिली. कार्ड तेच, कुंकू तसंच, बदल एकच. पोरांनी परत उड्या मारल्या, दमून खाली बसेपर्यंत. काटा हलला, पण साडेअकराच्या खाली गेला नाही. घड्याळ चालत राहिलं आणि भोंगा असा वाजला की गावातली कुत्री पळाली.

सोमवारी तुमची जीप आली. ड्रायव्हरनं स्वतः चार उड्या मारून बघितल्या, हसला आणि रिकामा परत गेला. आजींनी इंजिनियरला फोन लावला. तो बिचारा खरं बोलला. "आजी, पेटी बदलायची हे माझ्या कागदावर नव्हतंच. हेच कार्ड मी आणखी सतरा गावांत, कडा राखणाऱ्या असल्याच जुन्या यंत्रांत बसवलंय."

मुलांनो, त्या सतराही शाळांना निहिरानं पत्र पाठवलंय. वेळा कशा लिहायच्या, मीटर कुठं लावायचा, उड्या कुठं मारायच्या, सगळं चित्रं काढून. नऊ शाळांची उत्तरं आली. नऊही ठिकाणी घड्याळ थांबलं. तिथल्या पोरांनी आता स्वतःच्या वह्या सुरू केल्यात. उद्या त्यांच्या गावात काहीही बिघडलं तर 'कुणी काय शिवलं' हे ती विचारणार नाहीत. 'काय काय बदललं' हे विचारतील. मला त्यांचा भरवसा वाटतो.

पण त्यांच्याकडे साडेआठशे वॉटच्या पेट्या नाहीत. त्या तुमच्याकडे आहेत. परतीचा पाऊस अजून गेलेला नाही. बाकीच्या आठ शाळांचं उत्तर आलेलं नाही, आणि त्या गावांवरही कडे आहेत. म्हणून सरळ विचारतो: सतरा गावांत पेट्या कोणत्या तारखेला बसणार? 'लवकरच' नको, 'कार्यवाही सुरू आहे' नको. तारीख सांगा.